धुरपदाबाईचे पुस्तक

विणकरांच्या एका गावात मल्लेशम नावाचा कवी राहत असे. तो तेलंगणातून पोटासाठी आलेला. मागावर लुगडी विणता विणता तो मराठी शिकला आणि मराठीतच कविता करू लागला.

पहिल्यांदा चारचौघांत कविता म्हणायला उभा राहिला, तेव्हा तो "माझी गाव" म्हणून गेला. सारी सभा हसली. मल्लेशमने कविता शेवटपर्यंत म्हटली, पण त्या दिवसापासून त्याने शुद्ध भाषेचा ध्यासच घेतला. दोन वर्षांत त्याच्या मराठीत चूक काढणारा गावात उरला नाही.

पुढे त्याने पायाने चालवायचे एक जुने छपाईयंत्र घेतले. एकेका अक्षराचा खिळा जुळवून तो पुस्तके छापू लागला. मोठे प्रकाशक ज्यांना दारातूनच परत पाठवत, अशांची पुस्तके तो काढी. एक पुस्तक न्हाव्याचे होते, एक सुईणीचे. पुस्तके बारीक असत, पण लोक ती मागून मागून वाचत.

बाजारात लोकर विकणारी धुरपदाबाई नावाची एक म्हातारी मेंढपाळीण स्वतः रचलेली गाणी गुणगुणत असे. तिला अक्षरओळख नव्हती. मल्लेशमने सहा महिने तिच्याजवळ बसून ती गाणी उतरवून घेतली आणि त्यांचे पुस्तक छापले. जत्रेत त्याचे प्रकाशन ठरले.

भाषेचे जाणकार म्हणून गावात मान असलेले आबासाहेब पुस्तक चाळून म्हणाले, "शाबास! एकही अशुद्ध शब्द नाही. तू बाहेरचा आहेस हे सांगूनही कुणाला खरे वाटणार नाही."

मल्लेशमची छाती फुगली. पुस्तक घेऊन तो थेट धुरपदाबाईच्या मेंढवाड्यावर गेला आणि वाचू लागला, "किंचित ऊन दे रे देवा, कोकरू माझे गारठले…"

"थांब," धुरपदाबाई म्हणाली. "ह्यो किंचित कोन?"

"मावशी, किंचित म्हणजे वाईच."

"मग मी वाईच म्हनलं हुतं, त्ये कुठं गेलं?"

"छापील पुस्तकात शुद्ध शब्द लागतो, मावशी. नाहीतर लोक हसतात."

"कुनाला हसत्यात? मला का तुला?"

मल्लेशमने पुस्तक मिटून तिच्यापुढे धरले. म्हातारी रागावली नाही. तिने पुस्तक उलटसुलट करून पाहिले आणि त्याच्या हातात परत दिले. "बुक देखणं झालंय, लेकरा. पर त्ये माझं न्हाई."

मल्लेशमला लाज वाटली. लोक हसले होते त्याला, आणि शिक्षा त्याने केली होती या बाईच्या शब्दांना.

जत्रेला आठ दिवस होते. कागद उरला होता तो फक्त त्याच्या स्वतःच्या कवितासंग्रहापुरता. त्या संग्रहाची तो दहा वर्षे वाट पाहत होता. त्याने तोच कागद काढला. रोज मेंढवाड्यावर जाऊन एकेक शब्द म्हातारीला विचारला आणि पहिल्या ओळीपासून खिळे पुन्हा जुळवले.

जत्रेत नवे पुस्तक उघडताच आबासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "अरे, हे तर चुकांनी भरलेले आहे! लोक म्हणतील, परक्याला आपली भाषा कुठून येणार?"

"म्हणू देत," मल्लेशम म्हणाला. "आबासाहेब, चुका आधीच्या पुस्तकात होत्या. त्या माझ्या होत्या. मी काढून टाकल्या."

मग त्याने खणखणीत आवाजात वाचले, "वाईच ऊन दे रे देवा…" पुढचे शब्द त्याला वाचावेच लागले नाहीत. मागे उभ्या असलेल्या धनगरांच्या बायकांनी ते एका सुरात उचलले. धुरपदाबाईने पुस्तक उराशी धरले. आबासाहेबही जाताना एक प्रत घेऊन गेले.

त्या जत्रेनंतर डोंगरावरचे, नदीकाठचे, नाना बोलींचे लोक आपापल्या वह्या घेऊन मल्लेशमच्या दारी येऊ लागले. त्याचा स्वतःचा संग्रह चार वर्षांनी निघाला. त्यात त्याने आईच्या तोंडचे तेलुगू शब्द बेधडक वापरले होते, आणि त्यांचे अर्थ विचारायला लोक त्याच्या घरी येत.

तात्पर्य: आपल्याला कुणी हसेल म्हणून दुसऱ्याचे बोल बदलू नयेत. जो ज्याचे शब्द त्याला जसेच्या तसे मानाने देतो, त्याला कोणतीही भाषा परकी मानत नाही.