मागच्या सीटवरचं पोतं

"...मग विमानाची शेपटी थरथरते, असं ल्यूक का म्हणतो?"

फादर ओनोरेंनी धान्य जोखता जोखता विचारलं.

गास्तोंला प्रश्न आवडला नाही. लहानपणी फ्रान्समधल्या याच डोंगरावरच्या मठात फादरनी त्याला गणित शिकवलं होतं. आता तो विमानं बनवायचा. दोन महायुद्धांच्या मधली ती वर्षं. त्याच्या नव्या लढाऊ विमानाला दोन इंजिनं होती आणि सीटा चार: एक पायलटची, एक टेहळणीवाल्याची, दोन बंदूकवाल्यांच्या. नमुन्याचं असं एकच विमान तयार झालं होतं. उद्या मंत्रालयाचे साहेब त्याची चाचणी बघणार होते.

"ल्यूक पायलट आहे, फादर. पायलट घाबरला की काहीतरी थरथरतंच."

"मागतो काय तो?"

"आठवडाभर वेळ. शेपटी उघडून बघायची म्हणे! साहेब थांबणार आहेत का? आकडेमोड बरोबर आहे. मी स्वतः केलीय."

"शाळेत तू उत्तर आधी लिहायचास... आकडेमोड नंतर."

गास्तों हसला. "आणि उत्तर बरोबर यायचं! आशीर्वाद द्या, फादर. उद्या विमान उंचावरून सूर मारणार आहे."

"ल्यूकबरोबर कोण असतं?"

"कुणी नाही. चाचणीत बाकीच्या सीटांवर वाळूची पोती बांधतात. माणसाच्या वजनाची. तशी रीतच आहे."

"का?"

"उगाच जास्तीची माणसं कशाला..."

गास्तों मध्येच थांबला.

मोठ्या तराजूच्या एका पारड्यात गव्हाचं पोतं होतं. दुसऱ्या पारड्यातली वजनं फादरनी खाली उतरवली.

"बस इथं."

"काय फादर, मला विकताय की काय?"

"बस."

तो गुडघे पोटाशी घेऊन बसला. त्याचं पारडं खाली जाऊन जमिनीला टेकलं. फादर पोत्यात ओंजळीने गहू टाकू लागले. एक ओंजळ... आणखी एक...

गास्तोंचं पारडं हलकेच उचललं गेलं. काटा मधोमध येऊन थांबला.

गास्तोंने दोन्ही हातांनी साखळी घट्ट धरली होती.

"फादर... आशीर्वाद?"

फादरनी हातांना लागलेला भुसा झटकला.

"उद्या मागच्या सीटवरचं पोतं काढून ठेव."