नावाचे दगड

फार पूर्वी एका राज्यात एक राजा होता. राज्य म्हणजे तरी काय, लोकांनी कर भरायचा आणि तो कुठं घालवायचा ते राजानं ठरवायचं. हे ठरायचं दर दसऱ्याला, भर दरबारात. कारभारी उभा राहून सांगायचा, "आधी राजधानीची कमान. मग हत्तीची झूल. मग बागेतलं कारंजं." आणि सगळ्यात शेवटी, घसा खाकरून, "उरलंच तर दवाखाना, शाळा आणि ओढ्यावरचा साकव."

उरायचं काय, डोंबल!

हा ओढा राजधानीपासून लांब होता. अलीकडे गाव, पलीकडे गावाचीच एक वाडी. उन्हाळ्यात शेळीसुद्धा उडी मारून जायची, पावसाळ्यात बैल वाहून जायचा. लोकांचं मागणं एवढंच, की माणसाला चालत जाता येईल असा छोटा पूल, म्हणजे साकव, बांधून द्या.

एका वर्षी राजा म्हणाला, "देऊन टाकावा का त्यांना साकव?"

कारभारी कानाशी लागला. "महाराज, साकव बांधला की टाळ्या एकदाच. त्याच्या पायाचा नुसता दगड बसवला, तर टाळ्या दरसाल."

राजाला हे फार पटलं. तेव्हापासून दसरा झाला की तो पालखीत बसून गावात यायचा. ढोल, गुलाल, नारळ. दगडावर कोरलेलं असायचं, 'येथे साकव होणार', आणि खाली राजाची सगळी बिरुदं. बिरुदं लांबलचक, म्हणून दगडही पुरुषभर उंच. लोक टाळ्या वाजवायचे, पेढा खायचे आणि घरी जायचे. गवंडी तिकडे राजधानीत कमानीवर मोर कोरत बसलेले.

आणि लोक तरी कसले! दगडांवर ऊन पडतं म्हणून त्यांनी छप्पर घातलं. मग कुणीतरी हळदकुंकू वाहिलं. मग शेंदूर आला. शेवटी बाया-बाप्ये त्या दगडांनाच नवस बोलायला लागले, 'पुढच्या साली साकव होऊ दे, नारळ फोडीन.' मागायचं कुणाकडं आणि मागत होते कुणाकडं!

त्या गावात एक सुईण होती. तिची एकुलती एक लेक पलीकडच्या वाडीत दिलेली. लेक पहिलटकरीण. पाऊस लागायच्या आत तिला माहेरी आणायचं ठरलं होतं, पण पाऊस आधी आला.

एका दुपारी जावई पलीकडच्या काठावरून ओरडायला लागला. "मामी! कळा सुरू झाल्या! मूल आडवं आहे म्हणतात! लवकर या!"

सुईण धावत ओढ्यावर आली. पाण्यात पाय घातला तर पाय टिकेना. ती मागं वळली. गावातले बाप्ये काठावर जमले होते.

"बघता काय? ते दगड पाडा आणि ओढ्यात टाका. मी त्यावरून जाते."

"कुठले? महाराजांचे?"

"मग काय तुझ्या बापाचे? साकवाचेच आहेत ना? साकवाच्या कामाला लावा!"

पाटील म्हणाला, "अगं, राजाचं नाव पायाखाली घ्यायचं? आमची डोकी उडतील."

गुरव म्हणाला, "शेंदूर लागलाय त्यांना. देवपण आलंय. असं करू, आधी कौल लावू. उजवीकडचं फूल पडलं तर हलवू."

आणि खरंच त्यांनी दगडाला ओली फुलं चिकटवली, आणि समोर बसले फूल पडायची वाट बघत!

सुईणीनं पहार उचलली. एकटीनं दगड हलेना. "अरे मुडद्यांनो, हात लावा! तुमच्यातला एकेक जण माझ्या हातानं जगात आलाय!"

बाप्यांनी माना खाली घातल्या. फूल पडेना. पलीकडून जावई ओरडत होता. मग तो ओरडेनासा झाला. मग एका तान्ह्या बाळाचं बारीक रडणं ऐकू आलं.

"सुटली गं बाई!" लोक म्हणाले.

बाळाच्या रडण्यात बायांचंही रडणं मिसळलं होतं. ते सुईणीला आधी कळलं. तिची लेक गेली होती.

तेवढ्यात फूल पडलं. उजवीकडं.

त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. सकाळी कुणी कुणाला न सांगता बाप्ये पहारी घेऊन आले आणि त्यांनी सगळे दगड ओढ्यात एकापुढं एक पालथे घातले. त्यावरून सुईण पलीकडे गेली आणि नातीला छातीशी धरून घेऊन आली.

दसरा झाला. राजा नवा दगड घेऊन आला. बघतो तर शेळ्या, पोरं, म्हाताऱ्या त्याच्या दगडांवरून ओढा ओलांडतायत.

"माझ्या नावावर पाय?" तो गरजला.

सुईण पुढं आली. "नाव खाली घातलंय, महाराज. वर ठेवलं असतं तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचलं असतं, आणि विचारलं असतं, साकव कुठाय? तुमची लाज झाकलीय आम्ही."

कारभाऱ्यानं घाईघाईनं खूण केली. ढोल वाजले, नारळ फुटला. राजानं हात जोडले आणि टाळ्यांची वाट बघितली.

कुणी टाळी वाजवली नाही. पेढ्यांच्या ताटावर माश्या बसल्या. नात तेवढी रडत होती.

राजाला हे नवीन होतं. "पालखी उचला," तो म्हणाला.

पालखीचे भोई खाली बसले. त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "महाराज, आमच्याही गावाला ओढा आहे. आमच्याकडंही तुमचा दगड आहे. इथला साकव झाला की उचलतो."

राजानं शिपायांकडं बघितलं. शिपाई आभाळाकडं बघत होते. त्यांनाही गावं होतीच की.

मग कमानीवरचे गवंडी मोर अर्धवट सोडून ओढ्यावर आले. काम चाललं तोवर राजा काठावरच राहिला, डास मारत. जेवणाच्या वेळी सुईण पंगत वाढायची. "आधी पोरं बसा. मग गवंडी. मग भोई." आणि सगळ्यात शेवटी, घसा खाकरून, "उरलंच तर महाराज."

साकव झाला. भोयांनी पालखी उचलली आणि आधी आपल्या गावाकडं वळवली.

राजा शहाणा झाला असं कुणी सांगितलं तर खरं मानू नका. त्याला घरी जायचं होतं, म्हणून साकव झाला. सुईण रोज त्यावरून नातीला घेऊन वाडीत जाते, बापाला दाखवायला. साकव पक्का आहे, बैलगाडीही जाईल. पण तिची लेक काही त्यावरून माहेरी येत नाही.

तात्पर्य: दगडाला टाळ्या वाजवाल तर दगडच मिळतील. कर आपण भरतो, तर आधी काय आणि उरलंच तर काय, हे आपणच ठणकावून सांगायचं. कौलाचं फूल पडायची वाट बघत बसलं, की ते पडतं, पण माणूस गेल्यावर.