सत्यकेतूने उघडलेलं दार

एका तालुक्याच्या गावात, सायकलच्या दुकानावरच्या माडीत, तीन मुलं दर सुट्टीत एक खेळ मांडत. घरोघरी फोन नव्हते तेव्हाची ही गोष्ट. खाली पंक्चर काढायचं काम चाले आणि वर राज्यं उभी राहत, बुडत.

दुकान शैलजाच्या वडिलांचं. खेळ तिने मावसभावाकडून शिकून आणलेला, म्हणून सूत्रधार तीच. जंगल, किल्ला, राक्षस, सगळं ती सांगायची. बाकी दोघांनी एकेक पात्र घ्यायचं, त्याचा स्वभाव आधीच बोलून ठेवायचा आणि त्याला धरून वागायचं. अवघड प्रसंगी फासा टाकायचा.

दिगंबर सरदार सत्यकेतू झाला होता. "सत्यकेतू सज्जन आहे. तो कायदा कधी मोडत नाही," असं त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं. सादिकने उंदऱ्या नावाचा चोर घेतला. "हा मनाला येईल तसं वागतो," तो हसत म्हणाला. दोन सुट्ट्या ही जोडी बरोबर हिंडली. एकदा सत्यकेतू दलदलीत रुतला, तेव्हा उंदऱ्याने लुटीचं गाठोडं फेकून देऊन त्याला ओढून काढलं. त्या दुपारी तिघं अशी नाचली की खालून शैलजाचे वडील ओरडले, "अरे, माडी पाडता का?"

तिसऱ्या सुट्टीत सादिकच्या वडिलांची बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी तिघं शेवटचं खेळायला बसली. सादिक नव्या गावाबद्दलच बोलत होता. तिथे म्हणे नदी होती, पोहायचा तलाव होता. दिगंबर हातातला फासा नुसता उलटसुलट करत ऐकत होता.

त्या दिवशी गोष्टीतल्या एका गावात तापाची साथ आली. औषध राजाच्या कोठारात कुलूपबंद होतं आणि राजा ते द्यायला तयार नव्हता. उंदऱ्या कोठारात शिरला, औषध घेऊन आला आणि त्याने ते आजारी पोरांना पाजलं. मागोमाग शिपाई आले.

"चोर कोण?" शैलजाने शिपायाच्या आवाजात विचारलं.

सादिकने दिगंबरकडे पाहिलं. दिगंबर गप्प राहिला असता तरी भागलं असतं.

"हा," तो म्हणाला.

उंदऱ्याला फाशीची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी, सूर्य उगवताना.

"तू मला धरून दिलंस?" सादिकने विचारलं.

"मी नाही, सत्यकेतूने. त्याचा स्वभावच तसा आहे, मी काय करू?"

"तोंड तर तुझंच होतं ना," सादिक म्हणाला आणि पायात चपला अडकवून जिना उतरून गेला.

त्या रात्री दिगंबर भरल्या ताटावरून उठला. आईने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. त्याला मात्र आपलं दुखणं कळलं होतं. आपला मित्र आपल्याला सोडून इतक्या आनंदाने चालला आहे, याचा त्याला राग आला होता. तो राग सत्यकेतूच्या चिलखतात शिरून बोलला होता.

सकाळी तो शैलजाला घेऊन एसटी स्टँडवर गेला. सादिक ट्रंकेवर बसला होता. त्याने मान फिरवली.

"शैलजा, उंदऱ्याची फाशी झाली का?" दिगंबरने विचारलं.

"अजून नाही. पूर्वेला तांबडं फुटतंय," शैलजा म्हणाली.

"मग सत्यकेतू तुरुंगाचं दार उघडतो."

"कायदा मोडून?"

"मोडून. आणि पळत नाही. राजापुढे जाऊन सांगतो, दार मी उघडलं, शिक्षा मला द्या." मग तो सादिककडे वळला. त्याचा आवाज बारीक झाला. "काल रागावलो होतो मी. सत्यकेतू नाही, मीच. तू जाणार म्हणून."

बस फलाटाला लागली. सादिकचे वडील हाका मारू लागले. शैलजाने पिशवीतून फासा काढला.

"उंदऱ्या पळून जात नाही," सादिक एकदम म्हणाला. "सत्यकेतू राजाकडे निघाला असेल, तर तोही बरोबर जातो."

शैलजाने मूठ मिटली. "मग याला फासा नको," ती म्हणाली.

तिघांनी मिळून ट्रंक बसमध्ये चढवली.

खेळ तिथेच राहिला. आता त्या माडीत टायर रचलेले असतात आणि ती तिघं तीन शहरांत राहतात. कधी एकत्र जमली, की राजाने त्या दोघांचं काय केलं असेल यावर चहा गार होईपर्यंत भांडतात.

तात्पर्य: सोंग सज्जनाचं घेतलं म्हणून आपण सज्जन होत नाही. सोंगाआडून केलेल्या कृत्याचा जाब शेवटी आपल्यालाच द्यावा लागतो.