सोमवारची गोळी

“...म्हणजे हाच तो अनाहत नाद, होय ना बुवा?”

सोमबुवा मठाच्या ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा हेरंब. पुण्यातली नोकरी सोडून तो वैनगंगेपलीकडच्या या जंगलात साधनेला आला होता.

“कसा येतो?”

“झिं... असा. अखंड. कुणी वाजवत नाही, तरी वाजतो.”

“आणखी?”

“स्वप्नं पडतात. इतकी स्वच्छ, की जागेपण खोटं वाटतं. आसनावरून उठलो की जमीन डोलते. परवा उगाच भीती वाटली, रडू आलं.” हेरंब हसला. “मठातले आपले दासबुवा इतकी वर्षं साधनेला बसलेत. त्यांना अजून माशीही ऐकू येत नाही. गुरुवारच्या भजनाला सगळ्यांपुढे सांगू ना?”

“उभा राहा. पाय जुळव. डोळे मीट.”

हेरंबने डोळे मिटले आणि तो डावीकडे कलंडला. बुवांनी त्याचा दंड धरला.

“मलेरियाची गोळी घेतोस?”

“दर सोमवारी एक. मित्र परदेशी गेला होता, त्याच्याकडं उरलेली.”

“नाद गोळीआधीचा, की नंतरचा?”

“...नंतरचा.”

बुवांनी भाजी बाजूला सारली.

“तरुणपणी मी आफ्रिकेत रस्त्याच्या कामावर होतो. अशीच गोळी द्यायचे. मुकादमासमोर गिळल्याशिवाय हजेरी लागायची नाही. तिनं ताप अडवला. पण काहींच्या मेंदूला ती बाधते. तोल सांभाळणाऱ्या, ऐकणाऱ्या मज्जापेशींना इजा करते. बंद केल्यावर पुष्कळांचं थांबतं. काहींचं राहतं.”

“म्हणजे तुम्हालाही...?”

“आत्ताही वाजतंय.”

“पण सगळे म्हणतात, बुवा मान कलती करून नाद ऐकतात!”

“तुमची बडबड ऐकायला कलती करतो. एका कानात झिं जास्त आहे, म्हणून दुसरा पुढे करतो.”

हेरंबला हसू आलं नाही.

“उद्या तालुक्याच्या दवाखान्यात जा,” बुवा म्हणाले. “हे सगळं सांग. ही गोळी बंद, पण दुसरी मागून घे. इथला ताप माणूस नेतो.”

हेरंबने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. सोमवारच होता. तो पाकीट चाचपत राहिला.

“बुवा... बंद केली आणि नाद गेला तर? आई अजून बोलत नाही माझ्याशी. सगळं सोडून आलो, त्यात एवढंच मिळालं.”

बुवांनी हात पुढे केला. हात तसाच पुढे राहिला... बराच वेळ.

हेरंबने पाकीट त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

“गेला तर माझ्याकडं ये,” बुवा म्हणाले. “आणि शांतता कशी असते, ते मला सांग.”