गुळाची पुष्करणी

श्रीलंकेच्या कोरड्या मुलखात, हमरस्ता सोडून बरंच आत, ऐतावेवा नावाचं गाव आहे. गावामागे काळा कातळ, कातळाच्या गुहेत जुना बौद्ध विहार आणि पायथ्याशी एक पुष्करणी. पुष्करणी म्हणायचं ते आपलं मान राखायला. चार म्हशी बसल्या तर पाचवीला काठावर ताटकळावं लागेल, एवढाच तिचा घेर. पण भर उन्हाळ्यातही ती आटत नाही. गावकरी तिला ‘हकुरू पोकुण’ म्हणतात, म्हणजे गुळाची पुष्करणी. तिच्या काठावर पाठीवरच्या सॅक ओळीनं ठेवलेल्या दिसतात, सगळ्यांची तोंडं उघडी. कुठल्याही देशाचा प्रवासी असो, त्यानं सॅक इथे उघडायची, आत खायचं काय आहे ते मोठ्यानं सांगायचं आणि मगच वर जायचं, अशी रीत आहे.

आम्ही पाठीवर बिऱ्हाड टाकून तिथे पोचलो, तेव्हा आमच्यातल्या शालनवहिनींनी सॅक पोटाशी घट्ट धरली. आत दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती आणि परतीपर्यंत पुरवायचं मेतकूट. काठावर कमळं विकणारे पियदासकाका मोडक्या हिंदीत म्हणाले, “वहिनी, हत्तींना वासानं केव्हाच कळलंय. फक्त मला सांगायचं राहिलंय.” वहिनी तरी बधेनात. तेव्हा काकांनी कमळांवर ओलं फडकं टाकलं आणि ही हकिगत सांगितली.

फार पूर्वी या मुलखाकडे पावसानं पाठ फिरवली. गावाचं मोठं तळं भेगाळलं. बेडूक म्हणे बैलगाड्या जुंपून गाव सोडून गेले. हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही, म्हणून मीही विश्वास ठेवला. शेवटी माणसांनीही चुली मोडल्या, बोचकी बांधली. एकटे विहारातले म्हातारे भिक्खू रेवत भंते तेवढे हलायला तयार नव्हते. सगळे गेले तर गुहेतल्या बुद्धाला दिवा कोण दाखवणार, असं ते म्हणत.

नेमका त्याच वेळी समुद्रापलीकडून एक वाटसरू आला. नागदत्त त्याचं नाव. लंकेतले सगळे स्तूप पाहायचे, रानातले हत्ती पाहायचे, म्हणून पायी भटकत होता. “तुमच्या चौल बंदराचा,” काका म्हणाले. आदल्या आठवड्यात केरळच्या मंडळींना त्यांनी तो केरळचा असल्याचं सांगितलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. पण तो आपलाच असणार, यात मला शंका नाही. कारण देवदर्शनाला निघालेल्या या माणसाच्या गाठोड्यात काय होतं? पोहे आणि गुळाची ढेप.

त्याला तेवढ्यावर परतीचं बंदर गाठायचं होतं. वेशीवर हाडं वर आलेली माणसं त्याच्याभोवती जमली आणि विचारू लागली, “गाठोड्यात काय आहे?” नागदत्त घाबरला. देवाचं म्हटलं की कोणी हात लावणार नाही, असा त्यानं हिशेब केला आणि सांगितलं, “भगवंतांच्या अस्थी आहेत.”

लोक मागे सरले खरे, पण लगेच मातीत आडवे पडले. ढोल आले. ज्यांना स्वतःचा देह उचलत नव्हता, त्यांनी ते गाठोडं डोक्यावरून मिरवत वर नेलं आणि वेदीवर ठेवलं. वेदीवर चढलेली वस्तू पुन्हा खाली येत नाही, असा तिथला नेम. नागदत्त बघतच राहिला. त्याचं जेवण देव झालं होतं.

त्याहून वाईट पुढेच होतं. अस्थी गावात आल्या, आता पाऊस येणारच, म्हणून लोकांनी बांधलेली बोचकी सोडली आणि चुली पुन्हा मांडल्या. उरलेसुरले कंद उकडले आणि पाहुणा म्हणून नागदत्ताच्या पानात चार फोडी जास्त वाढल्या. त्या त्याच्या घशाखाली उतरेनात, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी रानातून एक सुळेवाला हत्ती आला. उपाशी इतका, की चालताना बरगड्या एकमेकींवर वाजत. उन्हानं गूळ पाघळला होता आणि त्याचा वास कातळावरून खाली उतरत होता. हत्तीनं कोणाकडे पाहिलं नाही, कोणाचं छप्पर पाडलं नाही. तो सरळ कातळाचा उतार चढू लागला. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. रेवत भंते मात्र गुहेच्या दारात मांडी घालून बसले. आपण उठलो तर भगवंतांच्या अस्थी तुडवल्या जातील, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

नागदत्त खाली उभा होता. गप्प राहावं, तर डोळ्यांदेखत म्हातारा चिरडला जाणार. खरं बोलावं, तर त्याच्या शब्दावर बोचकी सोडलेलं गाव त्याला जिवंत सोडणार नाही. पळून जायला मागे रान मोकळं होतं.

तो पळाला, पण वर. काही जण म्हणतात, तो हत्तीच्या बाजूनं निसटला. काका म्हणाले, “मी पोटाखालून नेतो. तेवढाच वेळ वाचतो.”

“भंते, उठा. अस्थी नाहीत.”

“मग काय आहे?”

“पोहे. पोहे आणि गूळ.”

नागदत्तानं वेदीवरून गाठोडं ओढलं, हत्तीच्या सोंडेपुढे उघडं धरलं आणि तसाच एक एक पाऊल मागे टाकत त्याला दुसऱ्या उतारानं पायथ्याशी आणलं. तिथे त्यानं सगळं दगडांवर ओतलं. हत्तीनं पोहे खाल्ले, पण पाघळलेला गूळ दगडांच्या फटीत उतरला होता. हत्तीनं सोंड घातली, पुरेना. मग पायानं दगड उकरले, सुळ्यांनी उचकटले, ढेकळांसारखे भिरकावले.

एव्हाना गाव काठ्या घेऊन परतलं होतं. वरून काय ओरडलं गेलं, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. हत्तीचं झालं की नागदत्ताची पाळी, हे त्यालाही कळत होतं.

आणि हत्तीची सोंड खड्ड्यातून वर आली ती ओली.

आधी चिखल आला, मग गढूळ पाणी, मग नितळ. जल्लोष वगैरे काही झाला नाही. माणसं उभी होती तिथेच मटकन खाली बसली. हातातल्या काठ्या केव्हा गळून पडल्या, कोणाला कळलं नाही. आधी हत्ती प्याला, मग गाव प्यालं.

मुखिया म्हणाला, “पाणी लागलं ते नशीब. या खोटारड्याचं काय करायचं?”

भंते हळूहळू उतरून आले होते. म्हणाले, “चुकलं त्याचं. पण आधी आपलं चुकलं. परका माणूस दमून वेशीशी आला आणि आपण त्याला गाठोड्यात काय आहे ते विचारलं.” मग नागदत्ताकडे वळून त्यांनी विचारलं, “जेवलास का, बाबा?”

हत्तीपुढे जो रडला नव्हता, तो तिथे ढसाढसा रडला, असं सांगतात. तेव्हापासून गाठोड्यात काय आहे ते वर कोणी विचारत नाही, येणाराच ते इथे खाली आपणहून सांगून टाकतो.

काकांचं बोलणं थांबलं. वहिनींनी सॅक खाली ठेवली, तोंड उघडलं आणि घसा खाकरून दशम्यांपासून मेतकुटापर्यंत सगळं मोठ्यानं सांगितलं. एक दशमी काकांच्या हातावर ठेवली. मोकळ्या पाठीनं कातळ चढताना त्या म्हणाल्या, “बाई गं, सुटले एकदाची.”

आजही उन्हं कलली की हत्ती त्या पुष्करणीवर येतात, उघड्या सॅकना हुंगतात आणि पाणी पिऊन निघून जातात. आजही वर गुहेच्या दारात एक भंते बसलेले असतात. कुठून आलात, कोणत्या धर्माचे, हे ते विचारत नाहीत. ते आधी विचारतात, “जेवलात का?” नाही म्हटलं की केळीच्या पानावर भात येतो. हो म्हटलं, तरी येतो.