खोकणारा कळप

पूर्वी चंपानगरीत दधिवर्ण राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व नदीपलीकडच्या एका वाडीत वराहपालाच्या घरी जन्मले होते. त्या जन्मी त्यांचे नाव शंखक. त्याच्याकडे चाळीस डुकरे होती आणि प्रत्येकाची चाल, भूक नि खोड त्याला ठाऊक होती. शेजारीच त्याचा मेहुणा भद्दिल आपला कळप घेऊन राहत असे. दोन्ही कळप एकाच डबक्यात लोळत.

सुगीचा उत्सव जवळ आला तेव्हा शंखकाने दूरच्या बाजारातून एक तरणा नर आणला. तिसऱ्या दिवशी तो नर खाण्याकडे पाहीना. संध्याकाळी तो कुत्रे भुंकावे तसा कोरडा खोकू लागला. आणखी दोन दिवसांत दोन्ही कळपांतली निम्मी डुकरे तशीच खोकू लागली. डुकरांची अंगे तापली, नाके वाहू लागली. ती एकमेकांना चिकटून, अंगावर अंग टाकून पडत. हात लावला तरी उठत नसत. श्वास घेताना त्यांची छाती हलत नसे, पोट मात्र भात्यासारखे वरखाली होई. शंखकाची बायको नंदिका हिने हाताने वाढवलेली एक गाभण डुकरीण होती. तापात तिचा गर्भ पडला. नंदिका दिवसभर तिच्याजवळ बसून राहिली, जेवलीही नाही.

उत्सवासाठी सात गावांचे कळप राजाच्या मैदानात जमत. पाकशाळेचा अधिकारी त्यांतली हवी ती डुकरे निवडी, उरलेली आपापल्या गावी परत जात. जे गाव कळप आणणार नाही, त्याला वर्षभर राजाच्या अरण्यात चराई मिळत नसे.

भद्दिल कुंपणाशी आला. "दाजी, उद्या पहाटे निघू. अजून यांच्या अंगावर मांस आहे. धुऊनपुसून नेली तर कोणाला काय कळतंय?"

"मैदानात पाण्याचं कुंड एकच आहे," शंखक म्हणाला. "तिथून सात गावांची डुकरं घरी जातील. आपल्या गोठ्यात जे चाललंय, ते आठ दिवसांत त्यांच्या गोठ्यात चालू होईल."

"आणि अरण्य बंद झालं म्हणजे? वर्षभर कळपाला काय घालायचं?"

"ते मला अजून सुचलेलं नाही," शंखक म्हणाला. "पण मी नेणार नाही."

भद्दिल रागाने निघून गेला. सकाळी तो एकटाच आपला कळप हाकत नदीच्या उताराकडे निघाला. ऊन चढायच्या आत पोहोचावे म्हणून तो डुकरांना पळवीत होता. शंखक आडवाटेने धावत गेला आणि गुडघाभर पाण्यात त्याच्यासमोर उभा राहिला.

"बाजूला व्हा, दाजी!" भद्दिलाने काठी उगारली.

शंखक हलला नाही. तेवढ्यात कळपातले सर्वांत धष्टपुष्ट डुक्कर वाळूत बसले. त्याने तोंड उघडे टाकले. त्याचे कान जांभळे पडत चालले होते. भद्दिलाने काठी टाकली आणि त्याचे डोके मांडीवर घेतले. शंखकाने ओंजळीने त्याच्या मानेवर पाणी घातले. पण थोड्याच वेळात त्याचे पोट हलायचे थांबले.

"काल हे धड खात होतं हो," भद्दिल म्हणाला.

"आजार त्याच्या छातीत आधीच होता. पळायला लागणारा श्वास त्याच्यापाशी उरला नव्हता. बाकीच्यांना इथेच सावलीत बसू दे, भद्दिला. त्यांना हाकू नकोस."

मग शंखकाने पैलतीरावरच्या नावाड्याला हाक मारली आणि उरलेल्या सहाही गावांना निरोप द्यायला सांगितले: आमच्या कळपात खोकला आहे, महिनाभर इकडे कोणी येऊ नये, आम्हीही येणार नाही.

दोघांनी आजारी डुकरे जांभळीच्या राईत ठेवली, धडधाकट डुकरे वारा जिकडून येई त्या बाजूला दूर नेली. नंदिका धडधाकटांची देखभाल करी आणि आजार त्यांच्यात जाऊ नये म्हणून राईकडे फिरकत नसे. शंखक नि भद्दिल आजाऱ्यांना कोरडा पेंढा घालीत आणि तोंडाशी पातळ पेज धरीत. दोन पिल्ले मेली. बाकीची मात्र आठवड्याभरात एकेक करून उठली आणि जमीन उकरू लागली.

अधिकाऱ्याने चराई बंद केली ती केलीच. शंखकाने त्याविषयी तक्रार केली नाही. तो दिवसभर कंद खणी, तरी ते पुरत नसत. महिना उलटल्यावर एका सकाळी नदीकाठी सहा होड्या लागल्या. सहा गावांचे वराहपाल कंदांच्या नि कोंड्याच्या टोपल्या उतरवीत होते. पुढचा हंगाम येईपर्यंत त्या होड्या येत राहिल्या.

ही कथा भिक्खूंना सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळची नंदिका म्हणजे राहुलमाता. सहा गावांचे वराहपाल म्हणजे तुम्ही सर्व. शंखक मीच होतो. आणि भद्दिल म्हणजे अंगात ताप असताना तो लपवून आज तुमच्यात येऊन बसलेला हा भिक्खू."

मागे बसलेला एक तरुण भिक्खू खोकला दाबीत, मान खाली घालून जायला उठला.

"असा एकटा जाऊ नकोस," शास्ते म्हणाले. "आनंदा, याच्यासाठी वेगळ्या कुटीत अंथरूण घाल आणि उशाशी पाणी ठेव. संध्याकाळी मी स्वतः याच्यापाशी बसेन."

आपले नुकसान दिसत असतानाही न लपवलेले सत्य आणि आजाऱ्याला न टाकणारी मैत्री, या दोन पारमिता, म्हणजे परम सद्गुण, बोधिसत्त्वांनी त्या जन्मी पाळल्या.