पांढऱ्या कागदाखालचं नाव

"...मग बाबा, बावीस वर्षं मी सांभाळलं ते काय, भंगार?"

दिगूशेठ तोडणकरांनी विचारलं आणि मांडीवरची पिशवी आणखी पोटाशी धरली.

समोर कासमबाबा मुकादम. ऐन उमेदीत मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते, आता खाडीकाठच्या पिराची झाडलोट करतात. दिगूशेठना गाणं ऐकायला शिकवलं ते यांनीच. सोल म्हणतात ती अमेरिकेतल्या काळ्या माणसांची गाणी रत्नागिरीत आली, तीही यांच्याच ट्रंकेतून. पिशवीतली गाण्याची तबकडीसुद्धा बाबांनीच दिलेली.

बाबा पायरीवरची कालची फुलं वेचत राहिले.

आता दिगूशेठचा तोरा काय सांगावा! दर रविवारी सकाळी त्यांच्या माडीवर बैठक बसायची. बेळगावहून, गोव्याहून माणसं यायची. सगळ्यात शेवटी ही तबकडी निघायची. "जगात अशा पाच-सहा असतील, त्यातली ही एक," असं म्हणून दिगूशेठ सगळ्यांकडे एकदा बघून घ्यायचे.

तबकडीच्या मधोमध गाणारीचं नाव छापलेलं होतं. पण त्यावर दिगूशेठनी डिंक लावून पांढरा कागद डकवला होता. नाव कळलं तर दुसरा कुणी शोधून आणील ना! अशी नावं झाकायची खोड तबकड्या जमवणाऱ्यांच्या जमातीत जुनीच. पणजीचा एक गृहस्थ नावासाठी काजूचे दोन डबे घेऊन आला, नुसतं पाया पडायचं बाकी ठेवलं. दिगूशेठनी डबे ठेवून घेतले. नाव काही सांगितलं नाही.

आणि गेल्या रविवारी घात झाला. चिपळूणची एक डॉक्टरीण नवीकोरी तबकडी घेऊन आली. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीनं तेच गाणं पुन्हा काढलं होतं. पाकिटावर बाईचा फोटो, ठळक अक्षरात नाव. डॉक्टरणीनं ती लावली. तोच आवाज! माडीवर टाळ्या पडल्या. ज्याच्या माडीवर पडल्या त्याचंच नाक कापलं गेलं.

"नक्कल आहे ती, बाबा! अस्सल माल माझ्याकडे आहे."

"हं."

"या रविवारी तुम्ही यायचं. चारचौघांत सांगायचं, ही मी स्वतः अमेरिकेहून आणली. मग मी कागद काढणार. जुनं, पहिलं छापील नाव दाखवणार. एकेकाची बोलती बंद!"

बाबांनी फुलं टोपलीत टाकली.

"बाई बरी आहे का?"

"कोण बाई?"

"गाणारी."

दिगूशेठ गडबडले. हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. "असेल की... त्या नव्या पाकिटावर लिहिलंय म्हणे. ऐंशीची आहे."

"आहे? जिती आहे?" बाबांनी दोन्ही हात वर केले. "अल्हम्दुलिल्लाह!"

मग टोपली बाजूला ठेवून ते पायरीवर बसले.

"तिकडं अमेरिकेत धक्क्याच्या फाटकाबाहेर उभी असायची, दिगू. टोपलीत ह्याच तबकड्या. कुणी घेतली की नावावर बोट ठेवायची, म्हणायची, ही मी. मला तर वाचता येईना. तीन वेळा सांगितलंन मला. काय ताठ मान बाईची!"

सांगता सांगता बाबांनी स्वतःची मान तशीच ताठ केली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता, की गाणं जणू त्यांच्या घरचंच.

दिगूशेठनाही स्फुरण चढलं. "तेच नाव खाली आहे, बाबा! बावीस वर्षांत ऊनसुद्धा लागू दिलं नाही मी त्याला."

"दाखव."

"आत्ता? रविवारी सगळ्यांसमोर..."

"चारचौघांत ग्वाही मी देणार. आधी मला बघू दे."

दिगूशेठनी तबकडी काढली, मांडीवर ठेवली. बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"भिजव आधी कागद."

"पाणी? अस्सल मालाला? छे, छे! अशा किती तबकड्या हाताळल्यात मी."

बाबांनी तांब्या मागे घेतला.

दिगूशेठनी नखानं कड उचलली. श्वास रोखून हळूहळू ओढत गेले. कागद जराही न फाटता सबंध निघून आला. त्यांनी विजयी मुद्रेनं बाबांकडे पाहिलं.

बाबा तबकडीकडे बघत होते.

मग दिगूशेठनीही खाली पाहिलं. मधोमध करडा, खरबरीत गोल होता. छापलेला पापुद्रा डिंकाबरोबर सोलून आला होता. त्यांनी घाईघाईनं हातातला कागद उलटा केला. पिवळा डिंक आणि शाईचे डाग. एक अक्षर लागेल तर शपथ!



त्यांनी तबकडी उजेडात धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली. डॉक्टरणीच्या नकलेवर नाव होतं. अस्सलावर नव्हतं. आणि हे कुणी दुसऱ्यानं केलं नव्हतं. पन्नाशीच्या त्या माणसाला पिराच्या पायरीवर रडू फुटलं.

बाबांनी त्यांना रडू दिलं. खाडीत ओहोटी लागली होती, एक होडी चिखलात कलंडत होती.

"बाबा..." दिगूशेठ कसेबसे म्हणाले, "नाव गेलं हो."

"गेलं कुठं?" बाबा म्हणाले. "तोंड आहे ना तुला?"